ड्राय बाल्कनीतलं सिंक तुंबतंय? काही ओतण्याआधी चोकअप कुठे आहे ते शोधा

पुण्यातल्या बहुतेक फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून एक चिंचोळी ड्राय बाल्कनी असते. तिथेच वॉशिंग मशीन, तिथेच भांडी घासायचं सिंक, खाली नहाणी (म्हणजे फरशीतलं पाणी जायचं जाळीचं भोक) आणि वर कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. घरातली सगळी मळकट कामं या एका सिंकवर येऊन पडतात. तेलकट कढया, कुकर, कणकेची परात, फरशी पुसायची फडकी, पावसाळ्यात चिखलाच्या चपला आणि वर मशीनचं फेसाळ पाणी. त्यामुळे घरात सगळ्यात आधी तुंबतं ते हेच. सुरुवातीला पाणी जरा रेंगाळतं, मग भांडी घासताना मनगटापर्यंत साचतं, आणि त्याकडे काणाडोळा केला की एके दिवशी मशीनने पाणी सोडल्यावर ते बाल्कनीभर होऊन थेट स्वयंपाकघरात येतं.

पहिल्यांदाच स्वतःच्या जिवावर घर चालवणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. नोकरीसाठी वाकड-हिंजवडीकडे भाड्याने राहायला आलेली मुलं-मुली, नुकतं लग्न झालेली जोडपी, ज्यांनी कधी पाना हातात धरलेला नाही अशी सगळी मंडळी. हे काम तुम्हाला जमण्यासारखं आहे. पाणी हळू जातंय याचा अर्थ पाइप अजून बंद झालेला नाही, वाट अरुंद झाली आहे. या टप्प्यावर हात घातला तर अर्ध्या-एक तासात काम होतं आणि खर्च जवळपास शून्य येतो.

मात्र बहुतेक घरांत क्रम उलटा असतो. पाणी साचलं की दुकानातून पावडरची पुडी येते, ती ओतली जाते, चार दिवस बरं चालतं आणि पुन्हा तेच. मग दोन पुड्या. माझा आग्रह एवढाच आहे की काहीही ओतायच्या आधी अडथळा नेमका कुठे आहे ते काढा. पत्ता सापडला की उपाय आपोआप ठरतो, आणि निम्म्या वेळा तो हाताच्या अंतरावरच असतो.

पाणी जातं कुठून

सिंकच्या खाली वाकून, मोबाइलचा टॉर्च लावून एकदा नीट पाहून घ्या. भोकात बसवलेली स्टीलची जाळी असते, तिच्या खाली वेस्ट कपलिंग, म्हणजे सिंकचं भोक पाइपाला जोडणारा भाग. त्याला पुढे एकतर बॉटल ट्रॅप असतो (बाटलीसारखा दिसणारा, खाली फिरवून काढता येणारी वाटी असलेला भाग), नाहीतर थेट पांढरा किंवा राखाडी, घड्या-घड्यांचा लवचिक वेस्ट पाइप. हा पाइप भिंतीत जातो, किंवा फरशीवरच्या नहाणीत सोडलेला असतो, किंवा फरशीखालून नहाणी ट्रॅपच्या बाजूला जोडलेला असतो. नहाणीतून पाणी बाहेर डक्टमधल्या (इमारतीत पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या मोकळ्या जागेतल्या) उभ्या लाइनला मिळतं, तिथून तळाशी गल्ली ट्रॅप (जमिनीलगतचा, गटाराचा वास अडवणारा ट्रॅप), मग चेंबर (झाकण असलेला सांडपाण्याचा खड्डा), आणि पुढे महापालिकेची लाइन.

ट्रॅपमध्ये नेहमी थोडं पाणी साठलेलं असतं. ते तसं असायलाच हवं. त्या पाण्यामुळेच गटाराचा वास आणि झुरळं घरात येत नाहीत. मशीनचा पाइप कुठे सोडला आहे तेही याच वेळी बघा. काही घरांत तो सिंकवर अडकवलेला असतो, काहींत नहाणीत, काहींत थेट भिंतीतल्या पाइपात.

पत्ता काढायचा कसा

सिंकच्या भोकावर झाकण किंवा पालथी वाटी घट्ट दाबून सिंक अर्ध्याच्या वर भरा. मग झाकण काढा आणि मोबाइलवर वेळ लावा. ठीकठाक सिंकमधून बादलीभर पाणी अर्ध्या-पाऊण मिनिटात गेलं पाहिजे. तुमच्याकडे किती वेळ लागला तो आकडा लिहून ठेवा, काम झाल्यावर पुन्हा मोजायचा आहे. पाणी जात असताना कान आणि डोळे दोन्ही उघडे ठेवा, कारण खरी माहिती इथेच मिळते.

पाणी पहिल्यापासूनच संथ जातं आणि नहाणीत काहीच हालचाल दिसत नाही, असं असेल तर अडथळा जाळी, कपलिंग, बॉटल ट्रॅप किंवा लवचिक पाइप यांतच आहे. ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त वेळा आढळणारी परिस्थिती.

पाणी आधी झपाट्याने जातं आणि मग एकदम मंदावतं, तर अडथळा थोडा पुढे, भिंतीतल्या किंवा फरशीखालच्या पाइपात आहे. आधी मधला रिकामा पाइप भरतो, तो भरला की पाणी थांबतं.

सिंकमध्ये पाणी सोडल्यावर नहाणीतून बुडबुडे येतात किंवा नहाणीतलं पाणी वर चढतं, तर चोकअप नहाणीत किंवा तिच्या पुढे आहे. अशा वेळी सिंकखालचा ट्रॅप कितीही घासला तरी फरक पडणार नाही.

आणि तुम्ही एक थेंबही सोडला नसताना नहाणीतून पाणी वर येत असेल, विशेषतः सकाळी सगळ्या इमारतीत एकदम वापर चालू असताना, तर ते वरच्या मजल्यांचं पाणी आहे. उभी लाइन किंवा खालचा चेंबर तुंबला आहे. तळमजल्यावर आणि पहिल्या मजल्यावर राहणाऱ्यांना हा त्रास आधी होतो. इथे तुमचं काम एकच, सोसायटीला कळवणं. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

एक प्रकार अडथळ्याशिवायचाही असतो. पाणी गुळगुळ आवाज करत, थांबत-थांबत जातं, पण ट्रॅप उघडला तर स्वच्छ. तेव्हा हवा अडकते आहे. वेस्ट पाइपचं टोक नहाणीतल्या पाण्यात बुडालेलं असेल तर ते थोडं वर घ्या. सिंकखाली बॉटल ट्रॅप आणि पुढे पुन्हा नहाणी ट्रॅप असे दोन ट्रॅप एकामागोमाग असतील तरी मधल्या पाइपात हवा कोंडते. नहाणीत उघडं पाणी सोडणाऱ्या सिंकला वेगळ्या बॉटल ट्रॅपची गरज नसते, तो काढून सरळ पाइप जोडला की प्रश्न सुटतो.

हाताशी काय हवं

एक बादली किंवा पसरट घमेलं, जुना टूथब्रश, रबरी हातमोजे, दोन-तीन जुनी फडकी, स्क्रू ड्रायव्हर, रबरी कपाचा पंप म्हणजे प्लंजर. पुढे लागलीच तर ड्रेन साफ करायची लांब स्प्रिंग. हे सगळं कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, आणि निवडून घ्यायची हौस असेल तर रविवार पेठेतल्या बोहरी आळीत एक चक्कर मारा. प्लंजर घेताना सिंकचा छोटा, सपाट कपाचा घ्या. कमोडचा वेगळा असतो आणि तो सिंकला वापरायचाही नाही.

काम दुपारी घ्या, भांडी घासून झाल्यावर. मशीन बंद ठेवा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा, कारण ट्रॅप उघडा असताना कुणीतरी सवयीने वर नळ सोडतोच.

जाळी आणि कपलिंग

जाळी उचलता येत असेल तर उचला. मध्ये स्क्रू असेल तर तो काढताना खालचं कपलिंग एका हाताने धरा, नाहीतर ते निसटून खाली पडतं. जाळीच्या वरच्या बाजूला काही दिसत नाही, सगळा कारभार खालच्या बाजूला असतो. तारेच्या घासणीचे तुकडे, काथ्याचे धागे, कोथिंबिरीच्या काड्या एकमेकांत गुंतून बसतात आणि त्यांच्यावर भाताची शितं आणि चहाचा चोथा अडकत जातो. हे बोटांनी आणि टूथब्रशने काढा. आत ढकलू नका. बाहेर काढून कचऱ्याच्या डब्यात टाका.

जाळीवर पांढरा, खरबरीत थर असेल तर तो क्षारांचा आहे. बोअरवेल किंवा टँकरच्या पाण्यावर असलेल्या सोसायट्यांमध्ये तो हमखास दिसतो. खडकवासल्याहून येणारं धरणाचं पाणी त्या मानाने पुष्कळच मृदू आहे. जाळी वाटीत काढून व्हिनेगर किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात तासभर बुडवली की थर सुटतो.

आता पुन्हा पाणी सोडून बघा. काही घरांत काम इथेच संपतं.

प्लंजर

प्लंजरने काम होतं की नाही हे हवा कुठून निसटते यावर ठरतं. सिंकला वरच्या कडेजवळ ओव्हरफ्लोचं भोक असेल तर त्यात ओलं फडकं कोंबा. दोन भांड्यांचं सिंक असेल तर दुसऱ्या भांड्याचं भोकही बंद करा. मशीनचा पाइप याच लाइनला जोडलेला असेल तर तोही काढून ते तोंड फडक्याने बंद करा. पाइप नहाणीला जोडलेला असेल तर नहाणीवर जाड ओलं फडकं ठेवून कुणाला तरी त्यावर पाय देऊन उभं राहायला सांगा. एवढी तयारी न करता पंप मारला तर सगळा जोर त्या उघड्या भोकातून निघून जातो आणि लोक म्हणतात, प्लंजरने काही होत नाही.

सिंकमध्ये कप बुडेल एवढं पाणी हवं. कप तिरका ठेवून आतली हवा जाऊ द्या, मग भोकावर सरळ दाबा. पंधरा-वीस वेळा एका लयीत वर-खाली करा, कप भोकावरून न हलवता. शेवटचा झटका वरच्या दिशेने, जोरात. दाबण्यापेक्षा हा ओढणारा झटका जास्त कामाचा असतो, कारण तो अडकलेला गोळा सैल करून वर आणतो. वर आलेला गाळ हाताने काढून टाका, पुन्हा आत जाऊ देऊ नका.

यापूर्वी घरात कुणी ड्रेनची पावडर किंवा अ‍ॅसिड ओतलं असेल तर प्लंजर मारू नका. ते पाणी उडून डोळ्यांत गेलं तर कायमची इजा होऊ शकते.

बॉटल ट्रॅप उघडणं

नवखे लोक याच कामाला सगळ्यात जास्त घाबरतात, आणि सगळ्यात जास्त फायदा याच कामाचा होतो. म्हणून जरा सावकाश सांगतो.

घमेलं बरोबर ट्रॅपखाली सरकवा. एका हाताने वरचा भाग धरा, दुसऱ्या हाताने खालची वाटी घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवा. हाताने फिरत नसेल तर ओलं फडकं गुंडाळून पकडा. पाना लावायचाच झाला तर फडक्यावरून आणि अगदी हलक्या हाताने. प्लास्टिकचे आटे एकदा गेले की ट्रॅप बदलण्याशिवाय इलाज नसतो. वाटी सैल झाली की आधी काळं पाणी येईल, वासही येईल. घाबरू नका, ते तेवढंच असतं.

वाटीत काय सापडतं ते बघण्यासारखं असतं. तळाला भांडी घासायच्या पावडरीचा राखाडी, दगडासारखा बसलेला थर. त्यावर मेणचट, पिवळट चरबी, बोटाने दाबली तर खळगा पडेल अशी. मध्येमध्ये मोहरीचे दाणे, जिऱ्याचे कण, कधी स्टीलचा छोटा चमचा. आणि या सगळ्याला एकत्र धरून ठेवणारी कणीक. परात धुताना सुटलेली कणीक पाण्यात विरघळत नाही, ती चिवट होऊन पाइपच्या कडेला चिकटते आणि पुढे येणारं सगळं धरून ठेवते. मोदकाच्या उकडीचं आणि इडलीच्या पिठाचंही तसंच.

वाटी घासून घ्या. आतली उभी नळीही बघा, तिच्या आतल्या बाजूला थर असतो. भिंतीकडे जाणाऱ्या आडव्या तोंडातही टूथब्रश फिरवा. रबरी वॉशर निघाला असेल तर कसा आणि कुठल्या बाजूने बसला होता याचा आधी फोटो काढून ठेवा. वॉशर कडक झाला असेल, चीर पडली असेल तर नवा आणा. जुना सोबत घेऊन जा, म्हणजे माप चुकणार नाही.

परत बसवताना वाटी सरळ आट्यांत बसली आहे ना ते आधी उलटं थोडं फिरवून बघा, मग हातानेच घट्ट करा. जिथे रबरी वॉशर बसतो तिथे टेफ्लॉन टेप लागत नाही, उलट टेपमुळे तिरकं बसून गळायला लागतं. सगळं कोरड्या फडक्याने पुसा, खाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद पसरा आणि सिंक भरून पाणी सोडा. कागदावर एक थेंब जरी पडला तरी लगेच डाग दिसतो आणि सांधा कुठला गळतो ते कळतं.

लवचिक पाइप असेल तर

तुमच्याकडे बॉटल ट्रॅप नसून घड्यांचा पाइप असेल तर त्याचा उतार बघा. बऱ्याच घरांत तो गरजेपेक्षा लांब असतो आणि मध्येच त्याला झोळ पडलेला असतो. त्या झोळात पाणी, चरबी, गाळ सगळं बसतं, आणि आतल्या घड्यांमुळे ते धुऊनही निघत नाही. असा पाइप साफ करत बसू नका. स्वस्त असतो, नवा आणा, बरोबर मापाचा कापून घ्या आणि कुठेही झोळ राहणार नाही असा बसवा. आडव्या पाइपाला मीटरमागे साधारण दोन ते अडीच सेंटिमीटर उतार लागतो. जागा परवानगी देत असेल तर घड्यांच्या पाइपाऐवजी आतून गुळगुळीत असलेला सरळ पीव्हीसी पाइप लावून घ्या. एवढ्या एका बदलाने वर्षानुवर्षांची कटकट संपलेली घरं मी पाहिली आहेत.

नहाणी आणि तिच्या पुढचा पाइप

नहाणीची जाळी उचला. काही ट्रॅपमध्ये आत एक उपडी वाटी बसवलेली असते, ती काढून घासा आणि ट्रॅपच्या तळाचा गाळ हातमोजे घालून बाहेर काढा. मशीन इथे रिकामं होत असेल तर तुम्हाला करड्या रंगाचा, ओल्या कापसासारखा लगदा मिळेल. टॉवेल, चादरी, मोजे यांतून सुटलेले धागे आहेत ते, साबणाच्या चिकट्यात गुंतलेले. यावर एक साधा उपाय आहे. मशीनच्या पाइपाच्या टोकाला बारीक जाळीची पिशवी बांधा आणि आठवड्याने काढून झटका. पिशवी भरून गेली तर मशीनचं पाणी अडतं, म्हणून झटकायला विसरू नका.

वाटी परत जागेवर ठेवा. पाणी लवकर जावं म्हणून ती काढून टाकायचा मोह होतो, आणि मग महिनाभराने घरात झुरळं का वाढली हे कुणाला कळत नाही. पाण्याचा जो पडदा वास आणि किडे अडवतो तो या वाटीमुळेच टिकतो.

चोकअप आणखी पुढे असेल तर स्प्रिंग. टोक आत घाला, हळूहळू ढकला, अडलं की मूठ एकाच दिशेने फिरवत थोडा दाब द्या. जोर करून कोंबू नका, पाइपाच्या वळणावर स्प्रिंग दुमडली तर तीच आत अडकते. अडलेल्या जागी स्प्रिंगवर चिकटपट्टी लावून खूण करा आणि ती बाहेर काढा. खुणेपर्यंतची लांबी म्हणजे अडथळ्याचं अंतर. पुढे प्लंबर बोलवावा लागला तरी ही माहिती त्याचा बराच वेळ वाचवते. बाहेर काढताना फडक्यातून ओढत काढा, म्हणजे भिंती रंगणार नाहीत.

गरम पाणी, सोडा आणि अ‍ॅसिड

चरबीचा पातळ थर असेल तर भांडी घासायचं लिक्विड दोन-तीन चमचे टाका, दहा मिनिटं थांबा आणि मग एक बादली गरम पाणी एकदम सोडा. पाणी उकळतं नको. निचऱ्याचे पाइप साध्या पीव्हीसीचे असतात, उकळत्या पाण्याने ते मऊ पडतात आणि सांधे सुटतात. अंघोळीला विसणाआधी असतं तेवढं गरम पुरे.

हिवाळ्यात हा उपाय जास्त लागतो. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांच्या आसपास येतो आणि डक्टमधले पाइप चांगलेच गार पडतात. खोबरेल तर चोवीस-पंचवीस अंशांखालीच गोठायला लागतं, तूप आणि डालडा त्याहूनही आधी. दिवाळीच्या फराळाच्या कढया धुतलेलं सिंक ऐन थंडीत तुंबतं ते यामुळे. शेंगदाण्याचं तेल एवढ्या थंडीत सहसा गोठत नाही, पण पीठ आणि साबणाचा चिकटा धरून ठेवायला तेही पुरेसं असतं.

खायचा सोडा आणि व्हिनेगर ओतून फेस काढायचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात. कार्बन डायऑक्साइडचा फेस येतो, खाली उरतं ते पाणी आणि एक निरुपद्रवी क्षार. दिसायला छान, पण बसलेला थर त्याने हलत नाही. नुकसान काही नाही, फक्त त्याच्या भरवशावर राहू नका.

पुडीत मिळणाऱ्या ड्रेन क्लीनरमध्ये मुख्यतः कॉस्टिक सोडा असतो. तो चरबीवर खरंच काम करतो. पण पाणी अजिबात जात नसेल तेव्हा तो पुढे सरकतच नाही, एकाच जागी बसून प्रचंड तापतो आणि प्लास्टिकचा पाइप वाकवतो. अॅल्युमिनियमवर पडला तर त्याच्याशी क्रिया होऊन हायड्रोजन वायू सुटतो. वापरायचाच असेल तर पाणी हळू का होईना जात असताना, हातमोजे आणि चष्मा घालून, पुडीवर लिहिलेल्या प्रमाणातच. मुलांना आणि पाळीव प्राण्यांना बाल्कनीत येऊ देऊ नका.

अ‍ॅसिड मात्र घरात आणूच नका. जुन्या घरांत सिंक आणि ओटा कडाप्प्याचा असतो, खाली शहाबादी फरशी. दोन्ही चुनखडीचे दगड आहेत आणि अ‍ॅसिड त्यांना खातं. फरशी फसफसते, खरबरीत होते आणि ती पुन्हा पूर्वीसारखी होत नाही. त्याहून मोठा धोका मिसळण्याचा आहे. संडास साफ करायच्या अ‍ॅसिडवाल्या लिक्विडमध्ये ब्लीच मिसळलं तर क्लोरीन वायू तयार होतो. ड्राय बाल्कनीला काचा लावून ती बंद केलेली असेल तर तो श्वासाबरोबर थेट आत जातो. आधी कॉस्टिक आणि त्यावर अ‍ॅसिड, हेही तितकंच भयंकर, ते उसळून अंगावर येतं. एका दिवशी एकाहून जास्त रसायन कधीही नको.

पुन्हा तुंबू नये म्हणून

घरी भांडी घासायला मावशी येत असतील तर त्यांच्याशी बोला. हुकूम सोडायची गरज नाही. "मावशी, खरकटं आधी या डब्यात झटकून घेऊ या का? सिंक तुंबलं की तुम्हालाच त्या पाण्यात हात घालावा लागतो." डबा सिंकच्या शेजारीच ठेवा, चार पावलांवर ठेवला तर कुणीच वापरणार नाही. हा ओला कचरा नेहमीच्या ओल्या कचऱ्यात जातो. तेलकट कढई आधी वर्तमानपत्राच्या कागदाने पुसायची, परात वाळू द्यायची आणि मग कणीक खरवडून काढायची. तारेच्या घासणीऐवजी धागे न सुटणारी घासणी आणा. तळणीचं उरलेलं तेल कधीही सिंकमध्ये नको, बंद बाटलीत भरून ठेवा.

आठवड्यातून एकदा सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा. नळाची बारीक धार पाइपाच्या तळातून सरकत जाते, भरलेल्या पाण्याचा लोंढा मात्र पूर्ण पाइप धुऊन काढतो.

गणेशोत्सवाबद्दल मुद्दाम सांगायचं आहे. घरच्या घरी बादलीत विसर्जन करणारी कुटुंबं पुण्यात खूप वाढली आहेत आणि ते फार चांगलं आहे. पण त्या बादलीतलं पाणी ड्राय बाल्कनीच्या सिंकमध्ये ओतलं जातं आणि आठवड्याभरात प्लंबरला फोन जातो. शाडू माती ट्रॅपच्या तळाला चिखलासारखी बसते आणि वाळली की घट्ट होते. ते पाणी दोन दिवस स्थिर ठेवा, वरचं निवळलेलं झाडांना घाला आणि खालची माती कुंडीत. पीओपीच्या मूर्तीसाठी अमोनियम बायकार्बोनेट वापरायची पद्धत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने विकसित केली आणि महापालिकेने ते रसायन नागरिकांना वाटलंही. त्या बादलीच्या तळाला राहतो तो कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे खडूच्या जातीचा गाळ. तोही सिंकमध्ये नको. रांगोळी, पांढरं सिमेंट, कुंडीची माती, रंगाचे ब्रश धुतलेलं पाणी, सगळ्यांना हाच नियम.

कधी थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

जाळी, ट्रॅप, पाइप, नहाणी एवढं साफ करूनही वेळेचा आकडा सुधारला नाही, किंवा खालच्या फ्लॅटच्या छताला ओल दिसू लागली, तर थांबा. भाड्याने राहत असाल तर आधी घरमालकांना फोटो पाठवून कळवा आणि मगच फरशी-भिंतीला हात लावू द्या. प्लंबरला फोन करताना "सिंक तुंबलंय" एवढ्यावर थांबू नका. सिंक रिकामं व्हायला किती वेळ लागतो, नहाणीतून बुडबुडे येतात का, स्प्रिंग किती फुटांवर अडली, काय रसायन ओतलं आहे, हे सगळं सांगा. शेवटची गोष्ट तर नक्की सांगा, कारण त्या पाण्यात हात घालणार आहे तो तुम्ही नाही, तो माणूस आहे.

उभी लाइन किंवा चेंबर तुंबला असेल तर ते सोसायटीचं काम. सेक्रेटरींना लेखी कळवा, वरच्या-खालच्या फ्लॅटमध्येही तसंच होतंय का ते विचारून ती माहिती जोडा. रस्त्यावरची मुख्य लाइन भरली असेल तर तक्रार महापालिकेकडे. आणि चेंबर साफ करायला कुणी आलं तर त्या माणसाला आत उतरू देऊ नका, तो स्वतः तयार असला तरी. चेंबरमध्ये साचलेला विषारी वायू काही क्षणांत माणसाला बेशुद्ध करतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही वर येत नाही. संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं २०१३ च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. बाहेर उभं राहून लांब काठी, जेटिंग मशीन किंवा सक्शनची गाडी वापरूनच हे काम करून घ्या, आणि त्याचे जास्त पैसे पडत असतील तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते मंजूर करून घ्यायला तुम्ही पहिला हात वर करा.